लिनक्स सर्व्हरचा आरंभभंग व प्रणाली-फाइलींचा लोप

लिनक्सवर चालणारा एखादा सर्व्हर पुन्हा सुरू केला असता पूर्ववत् उठत नाही आणि अमुक एक फाइल सापडत नाही असा संदेश पडद्यावर ठेवून स्तब्ध होतो, हा प्रसंग विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत अपरिचित नाही. अशा वेळी ती फाइल नष्ट झाली असे गृहीत धरून ती कोठून तरी आणून बसविण्याच्या खटपटीस लागणे ही मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. परंतु ह्या प्रवृत्तीपायीच पुष्कळदा मूळच्या किरकोळ बिघाडाचे रूपांतर कायमच्या हानीत होते. आणि त्या डिस्कवर कित्येक महिन्यांची निरीक्षणे किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची सामग्री असली, तर त्या हानीची भरपाई मागाहून कोणत्याही उपायाने होत नाही.

न्यायशास्त्रात अभावाचे विवेचन करताना ‘घट नाही’ एवढ्यावर कोणी थांबत नाही; घट कोठे नाही, म्हणजे त्या अभावाचे अधिकरण कोणते, हे सांगावेच लागते. भूतलावर नसलेला घट माळ्यावर असू शकतो. शिवाय अद्याप न घडलेल्या घटाचा प्रागभाव आणि फुटून गेलेल्या घटाचा प्रध्वंसाभाव हे दोन निराळे मानलेले आहेत. सर्व्हरच्या बाबतीत हा भेद केवळ पांडित्याचा नाही. ‘फाइल नाही’ हे विधान कोणी केले, आणि ते करताना त्याला डिस्कचा कितपत भाग दिसत होता, हे ठरल्यावाचून त्या विधानावरून काहीच निष्पन्न होत नाही.

संगणकाचा आरंभ ही एकच क्रिया नसून ती हस्तांतरांची मालिका आहे. मदरबोर्डवरील फर्मवेअर प्रथम बूटलोडरचा शोध घेते. बूटलोडर कर्नल आणि त्याच्या सोबतीची ‘इनिटरॅमएफएस’ नावाची छोटी, तात्पुरती फाइल-व्यवस्था ही दोन्ही स्मृतीत आणतो. त्या तात्पुरत्या व्यवस्थेतील साधनांच्या साहाय्याने खरी मूळ फाइल-व्यवस्था हुडकून माउंट केली जाते, आणि तेथील ‘इनिट’ हा प्रोग्राम क्रमांक १ ची प्रक्रिया होऊन इतर सर्व सेवांना जन्म देतो. ह्या मालिकेतील प्रत्येक कारभाऱ्याची दृष्टी निरनिराळी व मर्यादित असते. यूईएफआय पद्धतीच्या फर्मवेअरला सामान्यतः फॅट जातीचा एक विभागच तेवढा वाचता येतो. एक्स्ट४ किंवा एक्सएफएस त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात. उलट कर्नलला तत्त्वतः सर्व काही वाचता येते, परंतु त्याकरिता लागणारे ड्रायव्हर जर इनिटरॅमएफएसमध्ये घातलेले नसतील, तर समोरची डिस्कदेखील त्याला दिसत नाही. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न ‘कोणती फाइल गेली?’ हा नसून ‘शेवटी कोण बोलले?’ हा होय.

ग्रब ह्या बूटलोडरच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघे ४४६ बाइट प्रोग्रामसाठी उपलब्ध असतात. एवढ्याशा जागेत फाइल-व्यवस्था समजणारा प्रोग्राम मावणे अशक्य. म्हणून तेथे केवळ पुढच्या तुकड्याचा पत्ता सांगणारा अंश ठेवतात, आणि तो पुढचा तुकडा पहिल्या विभागाच्या आधीच्या मोकळ्या जागेत बसवितात. त्या तुकड्याने आपले उरलेले भाग ‘/बूट’ निर्देशिकेतून उचलावयाचे असतात. ते भाग न सापडल्यास पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ अशी खूण उमटते व त्या अवस्थेत मोजक्याच आज्ञा चालतात. भाग सापडले, परंतु कोणता कर्नल चालवावा हे सांगणारी सूची मिळाली नाही, तर नुसती ‘ग्रब’ अशी खूण दिसते. दोन्ही खुणा वरवर सारख्या वाटल्या तरी त्यांचा अर्थ भिन्न आहे. पहिलीत बहुधा विभागांचे क्रमांक बदललेले असतात किंवा तो विभागच वाचता येत नसतो. दुसरीत विभाग शाबूत असून एकच मजकुराची फाइल तयार झालेली नसते, आणि कर्नलचे नाव हाताने लिहून यंत्र त्याच क्षणी सुरू करता येते. पहिल्या खुणेच्या वेळी दुसरीचा उपाय करणारा मनुष्य तासन्‌तास व्यर्थ शिणतो.

क्वचित् असेही घडते की फाइल यत्किंचितही हरवलेली नसते. जुलै २०२० मध्ये ग्रबमधील ‘बूटहोल’ नावाचा सुरक्षादोष प्रसिद्ध झाला, व त्यावरील दुरुस्ती त्वरेने वितरित करण्यात आली. रेड हॅटच्या प्रणालीवर चालणाऱ्या कित्येक यंत्रांत ती दुरुस्ती बसविल्यावर यंत्र पुन्हा उठेनासे झाले. ग्रबची सूचीच दिसेना. दोष शिम नावाच्या लहानशा मध्यस्थ प्रोग्रामाच्या नव्या आवृत्तीत होता. बाहेरच्या माध्यमावरून यंत्र चालवून जुनी आवृत्ती परत बसविणे हाच त्यावरील तात्कालिक उपाय ठरला. सर्व फाइली जागच्या जागी, आणि यंत्र मात्र निश्चल!

कर्नलच्या हाती सूत्रे आल्यानंतरचे संदेश अधिक बोलके असतात, फक्त ते वाचण्याचा सराव हवा. मूळ फाइल-व्यवस्था माउंट करता येत नाही असे सांगून कर्नल जेव्हा थांबतो, तेव्हा त्या वाक्याच्या शेवटी ‘अननोन-ब्लॉक’ ह्या शब्दांपुढे दोन अंक असतात. हे अंक ०,० असतील तर कर्नलला कोणतेही मूळ साधन ओळखता आले नाही असा अर्थ होतो. त्याचे कारण बहुधा इनिटरॅमएफएस नसणे किंवा ती अर्धवट लिहिली जाणे हे असते. ८,१ असे अंक असले तर स्कझी पद्धतीने नोंदलेल्या पहिल्या डिस्कचा पहिला विभाग कर्नलला सापडलेला आहे, परंतु त्यावरील रचना त्याला वाचता आलेली नाही. पहिल्या स्थितीत डिस्कवर संशय घेणे अन्यायाचे आहे. दुसऱ्या स्थितीत तो घेणे कर्तव्य आहे.

इनिटरॅमएफएस अर्धवट राहण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदीच क्षुल्लक असते : ‘/बूट’ हा विभाग लहान ठेवलेला असतो, जुने कर्नल काढून टाकलेले नसतात, आणि नवा कर्नल येताना जागा संपते. ह्याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे कर्नल अद्ययावत करतेवेळी ‘/बूट’ विभाग माउंटच केलेला नसणे. मग नव्या फाइली मूळ विभागातील त्याच नावाच्या रिकाम्या निर्देशिकेत जाऊन पडतात. पुढे खरा विभाग तिच्यावर माउंट झाला की त्या झाकल्या जातात. बूटलोडर वाचतो तो खरा विभाग. तेथे नवा कर्नल नाही. फाइल डिस्कवर आहे, आणि तरीही ज्याला हवी त्याला ती नाही. तिसरा प्रकार यंत्रबदलाचा. ड्रॅकट हे साधन फेडोरासारख्या प्रणालींत केवळ त्याच यंत्रास लागणारे ड्रायव्हर घालून इनिटरॅमएफएस तयार करते. डिस्क काढून दुसऱ्या जातीच्या नियंत्रकास जोडली की अमुक ओळखक्रमांकाचे साधन अस्तित्वात नाही, असे सांगून आरंभ थांबतो. सूचीतील बचाव-नोंद सर्व ड्रायव्हर बाळगून असते. तिच्याद्वारे यंत्र उठवून इनिटरॅमएफएस नव्याने घडविली की काम भागते. हा शुद्ध प्रागभाव होय : त्या यंत्रापुरती ती फाइल अद्याप घडलेलीच नव्हती.

मूळ फाइल-व्यवस्था माउंट झाली की कर्नल इनिटचा शोध घेतो. विशेष आज्ञा नसल्यास तो ‘/एसबिन/इनिट’, ‘/ईटीसी/इनिट’, ‘/बिन/इनिट’ आणि सरतेशेवटी ‘/बिन/एसएच’ ह्या क्रमाने प्रयत्न करतो व सर्व फसल्यावर चालण्याजोगा इनिट सापडत नसल्याचे जाहीर करतो. येथेच ह्या विषयातील सर्वांत फसवा संदेश भेटतो. लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम स्वयंपूर्ण नसतात. प्रोग्रामच्या शीर्षभागात एका जोडणाऱ्या प्रोग्रामाचे नाव कोरलेले असते. ६४-बिट इंटेल जातीच्या यंत्रांवर तो ‘/लिब६४’ निर्देशिकेत असतो. कर्नल आधी त्याला पाचारण करतो, आणि तो सी-लायब्ररी व इतर लायब्रऱ्या आणून मूळ प्रोग्रामाशी त्यांचा संयोग घडवितो. हा जोडणारा प्रोग्रामच नाहीसा झाला असेल तर कर्नल ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, म्हणजे अशी फाइल वा निर्देशिका नाही, असे उत्तर देतो. आणि ते उत्तर पडद्यावर मागितलेल्या प्रोग्रामाच्या नावापुढे छापले जाते. ‘/बिन/बॅश’ डोळ्यांसमोर आहे, तिचा आकार बरोबर आहे, परवानग्या बरोबर आहेत, आणि तरीही ‘/बिन/बॅश’ नाही असे यंत्र सांगते. अनेक जण ह्या टप्प्यावर बॅशची नवी प्रत आणून ठेवतात व तेच उत्तर पुन्हा ऐकतात. विंडोजमध्ये लिहिलेल्या आज्ञावलीच्या पहिल्या ओळीअखेर राहून गेलेले अदृश्य चिन्हही हाच संदेश उत्पन्न करते, कारण त्यामुळे दुभाष्या प्रोग्रामाचे नावच बदलते.

जोडणारा प्रोग्राम शाबूत असून एखादी लायब्ररी मात्र गेली असेल, तर चित्र निराळे दिसते. तेव्हा जोडणारा प्रोग्राम १२७ हा निर्गमांक देऊन संपतो. तो इनिटच्या वतीने चालत असल्यामुळे क्रमांक १ ची प्रक्रियाच मरते, आणि कर्नल इनिटला मारण्याचा प्रयत्न झाला अशी तक्रार करून थांबतो. त्या तक्रारीत षोडशमान पद्धतीतील ‘७एफ००’ हा अंक असतो. त्यातील ‘७एफ’ म्हणजेच १२७. त्याऐवजी ‘बी’, म्हणजे ११, असे दिसल्यास प्रोग्राम सापडला व चालू झाला, परंतु स्मृतीतील निषिद्ध जागी पाऊल टाकून कोसळला असे समजावे. अशा वेळी लायब्ररी गहाळ नसून बिघडलेली किंवा विजोड आवृत्तीची असण्याचा संभव अधिक. पडद्यावरील दहा ओळींच्या अगम्य मजकुरात उपयोगाचा असा हा एकच अंक असतो, आणि लोक नेमका तोच टिपून घेत नाहीत.

इनिट चालू झाल्यानंतरचे बिघाड तुलनेने सौम्य असतात. २०११ सालच्या फेडोरा १५ पासून प्रमुख वितरणांत क्रमाक्रमाने रूढ झालेल्या सिस्टिमडीच्या व्यवस्थेत, ‘/ईटीसी/एफएसटॅब’ ह्या फाइलीत नोंदलेला एखादा विभाग न सापडल्यास यंत्र सामान्यतः ९० सेकंद वाट पाहते व नंतर आपत्कालीन अवस्थेत जाते. काढून टाकलेल्या एखाद्या जुन्या डिस्कची नोंद तशीच राहिली, एवढ्यानेही संपूर्ण सर्व्हर अडतो. ज्या विभागावाचून यंत्र चालू शकते त्याच्या नोंदीत ‘नोफेल’ हा शब्द घातल्यास हा अडथळा येत नाही.

फाइली खरोखरच पुसल्या गेल्या असतील तर काय, हा प्रश्न उरतो. त्यासंबंधी मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणक विभागात घडलेली आणि मारिओ वोल्च्को ह्यांनी १९८६ मध्ये लिहून ठेवलेली हकीकत लिनक्सपूर्व काळातील असली तरी आजही बोधक आहे. तेथील युनिक्सवर चालणाऱ्या एका व्हॅक्स यंत्रावर मूळ निर्देशिकेत उभे राहून सर्व काही पुसण्याची आज्ञा चुकून दिली गेली. आज्ञेला अपेक्षेहून फार वेळ लागतो आहे हे पाहून ती थांबविण्यात आली. परंतु नावे वर्णानुक्रमाने घेतली जात असल्यामुळे तोवर ‘/बिन’, ‘/डेव्ह’, ‘/ईटीसी’ व ‘/लिब’ नाहीशी झाली होती, तर ‘/टीएमपी’, ‘/यूएसआर’ आणि लोकांच्या फाइली वाचल्या होत्या. यंत्र बंद केले असते तर ते पुन्हा उठले नसते. सुदैवाने कर्नल स्मृतीत चालूच होता आणि एका सत्रात ईमॅक्स हा संपादक उघडा होता. नवी निर्देशिका निर्माण करण्याची आज्ञाच पुसली गेलेली. म्हणून दुसऱ्या यंत्रावर असेंब्ली भाषेत एक चिमुकला प्रोग्राम रचून तो ईमॅक्सच्या मार्गाने ह्या यंत्रात उतरविण्यात आला. त्याचे काम एवढेच : ‘/टीएमपी’चे नाव बदलून ‘/ईटीसी’ करणे. तेथून पायरीपायरीने प्रणाली पूर्ववत् झाली.

ह्या हकीकतीतील चातुर्य वाखाणण्याजोगे आहेच, पण तिच्यातील खरे मर्म यंत्र बंद न करण्यात आहे. लिनक्सवर एखादी फाइल पुसली तरी ती कोणत्याही चालू प्रक्रियेने उघडून धरलेली असेल, तर तिचा मजकूर डिस्कवरून जात नाही. फक्त नाव जाते. ‘/प्रॉक’ निर्देशिकेतून त्या प्रक्रियेच्या द्वारे तो मजकूर वाचून परत लिहिता येतो. म्हणून सी-लायब्ररी पुसली गेल्याचे लक्षात आले असता यंत्र पुन्हा सुरू करून पाहणे हा सर्वांत वाईट उपाय होय. दुर्दैवाने पुष्कळदा हे लक्षातच येत नाही. चालू प्रक्रिया जुन्या मजकुरावर निर्वेध चालत राहतात, आणि आज झालेली चूक पुढच्या वेळी वीज जाईपर्यंत, मग ती आठवड्याने जावो की सहा महिन्यांनी, झाकून राहते.

२०११ साली बंबलबी नावाच्या मुक्त प्रकल्पाच्या स्थापना-आज्ञावलीत ‘/यूएसआर’ ह्या शब्दानंतर एक जास्तीची मोकळी जागा पडली. त्यामुळे एका खोलवरच्या निर्देशिकेऐवजी अखंड ‘/यूएसआर’ पुसण्याची आज्ञा तयार झाली, आणि ती आज्ञावली चालविणाऱ्यांच्या यंत्रांतून ते सर्व गेले. त्या वेळी ‘/बिन’ व ‘/लिब’ ह्या निर्देशिका सामान्यतः स्वतंत्र असत, म्हणून कवच-प्रोग्राम आणि सी-लायब्ररी तरी मागे उरत. २०१२ च्या फेडोरा १७ मध्ये ह्या निर्देशिका ‘/यूएसआर’मध्ये विलीन करण्यात आल्या व जुन्या ठिकाणी केवळ सांकेतिक दुवे राहिले, २०२३ च्या डेबियन १२ मध्ये तर विलीन रचनाच तेवढी ग्राह्य ठरली. ही रचना व्यवस्थेच्या दृष्टीने सोयीची आहे ह्यात शंका नाही; परंतु तीच चूक आज झाली तर मागे काहीच उरणार नाही, आणि ‘/लिब६४’ हा एक दुवा तुटला तरी एकही सामान्य प्रोग्राम चालणार नाही, हेही तितकेच खरे.

यंत्र बंद पडलेलेच असेल तर बाहेरच्या माध्यमावरून ते सुरू करावे, आणि प्रथम लिहिण्याऐवजी वाचावे. केवळ-वाचन पद्धतीने माउंट केले म्हणजे डिस्कवर काही लिहिले जात नाही, हा समज चुकीचा आहे. एक्स्ट४ फाइल-व्यवस्था तशाही स्थितीत आपल्या जर्नलमधील अपुऱ्या नोंदी पूर्ण करते. ते टाळण्यासाठी ‘नोलोड’ आणि एक्सएफएसकरिता ‘नोरिकव्हरी’ हे पर्याय द्यावे लागतात. कर्नलच्या नोंदींत वाचनदोष दिसत असतील तर डिस्क मरणपंथास लागली आहे. तेव्हा तपासणीही थांबवून आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. एफएससीके ह्या तपासनिसास प्रारंभी ‘एन’ पर्यायाने नुसता अहवाल मागावा. सर्व प्रश्नांना सरसकट होकार देणारा ‘वाय’ पर्याय, किंवा एक्सएफएसचे जर्नल पुसून टाकणारा मोठा ‘एल’, हे अखेरचे उपाय होत. प्रत घेतल्यावाचून ते करणे म्हणजे पुरावा जाळून मग तपास करणे.

तपासनिसाने अनाथ ठरविलेल्या फाइली ‘लॉस्ट+फाउंड’ निर्देशिकेत केवळ क्रमांकाच्या नावाने पडलेल्या आढळतात. हरवलेली लायब्ररी अनेकदा तेथेच असते. परंतु ती उचलून जागी ठेवण्यापूर्वी ती अक्षत आहे की नाही हे ताडून पाहिले पाहिजे. पॅकेज-व्यवस्थेच्या नोंदवहीत प्रत्येक फाइलीचा अंकीय ठसा असतो, आणि आरपीएम व डीपीकेजी ही दोन्ही साधने, बाहेरून चालवून व मूळ निर्देशिकेचा पत्ता देऊन, संपूर्ण प्रणालीची त्या नोंदवहीशी तुलना करू शकतात. मात्र नोंदवहीच वाचली पाहिजे : २०२२ च्या फेडोरा ३६ पासून आरपीएमची नोंदवही ‘/व्हार’ सोडून ‘/यूएसआर’खाली आली, तेव्हा तेथे ‘/यूएसआर’सह तीही जाते.

ह्या तुलनेतून जी यादी निघते तिच्यातील फाइलींचे मूळ तीन प्रकारचे असते, आणि उपाय त्या मूळावरून ठरतो. सी-लायब्ररी किंवा बॅश ह्यांसारख्या फाइली जगात सर्वत्र एकसारख्या असतात. ते पॅकेज, अगदी त्याच आवृत्तीचे, पुन्हा बसविले की झाले. दुसऱ्या यंत्रावरून नुसती फाइल उचलून आणण्याचा मोह येथे टाळावा, कारण विजोड आवृत्तीची सी-लायब्ररी ही नसलेल्या लायब्ररीइतकीच घातक ठरते. इनिटरॅमएफएस, ग्रबची सूची, लायब्रऱ्यांची अनुक्रमणी ह्या फाइली कोणत्याही पॅकेजमध्ये तयार स्थितीत मिळत नाहीत; त्या त्याच यंत्रावर नव्याने घडवाव्या लागतात, आणि दुसऱ्या यंत्रावरून आणल्यास निरुपयोगी ठरतात. तिसऱ्या प्रकारात ‘/ईटीसी’मधील हाताने लिहिलेल्या नोंदी, किल्ल्या आणि लोकांचे काम हे येते. ह्यांची प्रत राखीव साठ्यावाचून अन्यत्र कोठेही नसते. खटपटीचा बहुतेक वेळ पहिल्या दोन प्रकारांवर खर्ची पडतो. वस्तुतः तेवढा भाग नवी प्रणाली बसवूनही तासाभरात मिळू शकला असता. जपावयाचा असतो तो तिसरा.

घडवावयाच्या फाइलींसाठी ‘चरूट’ आज्ञेने बिघडलेल्या प्रणालीच्या आत शिरावे लागते. तत्पूर्वी ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’ तेथे जोडून घ्यावीत. अन्यथा इनिटरॅमएफएस घडविणाऱ्या साधनाला यंत्राची सामग्रीच दिसणार नाही व ते कदाचित् अपुरी फाइल निर्माण करील. ‘चरूट’ स्वतः ‘/बिन/बॅश’ सापडत नाही असे म्हणू लागले, तर वर सांगितलेला फसवा संदेशच पुन्हा भेटला आहे असे जाणावे, आणि आत न शिरता बाहेरूनच सी-लायब्ररीचे पॅकेज त्या मूळ निर्देशिकेत बसवावे. एसईलिनक्स वापरणाऱ्या प्रणालींत आणखी एक काम उरते. बाहेरच्या माध्यमावरून लिहिलेल्या फाइलींवर सुरक्षेच्या खुणा बहुधा नसतात, आणि त्या नसल्या तर फाइल जागेवर असूनही प्रवेशद्वाराचा प्रोग्राम ती उघडू शकत नाही. त्याकरिता मूळ निर्देशिकेत ‘ऑटोरिलेबल’ नावाची, आरंभी टिंब असलेली, रिकामी फाइल ठेवून मग यंत्र सुरू करावे. पहिला आरंभ पुष्कळ वेळ घेतो व खुणा लावून झाल्यावर यंत्र आपण होऊन पुन्हा एकदा बंद पडून उठते. त्या अवधीत वीज तोडू नये.